मालतीला हाक

“सदरा काढा की! लाजताय काय?” नागम्मा नर्स व्हरांड्यात उभी राहून ओरडली. तिच्या हातात धडप्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

कमलाकर गोंधळला. सोलापूरच्या कचेरीतला हा साधा कारकून. बायकांच्या दवाखान्यात उघड्या अंगानं बसायचं म्हणजे काय!

नागम्माने बाळ आधी कमलाकरच्या आईपुढे, गोदाक्कांपुढे धरलं होतं. “दिवस भरायच्या आधी आलंय. गार पडायलंय. छातीशी धरून बसा.” पण म्हातारी मागे सरली.

“माझ्या हातात नको गं बाई. मागचं माझ्याच हातात गेलं.”

त्याच्या बायकोचं, मालतीचं मागचं बाळंतपण घरीच झालं होतं. कमलाकर ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिला. आत त्याला कुणी बोलावलं नाही. बोलावलं ते एवढंसं गाठोडं न्यायला. म्हणून या खेपेला कळा सुरू होताच, आई नको नको म्हणत असताना त्याने टांगा आणवला होता.

त्याने कोट काढला, सदरा काढला. बाळ छातीला लागलं तसा तो शहारला. बाहेर उन्हाने फरशी पोळत होती आणि हे अंग माठासारखं गार! नागम्माने वरून धाबळी गुंडाळली. बाळाचा श्वास ऐकायला त्याने मान खाली घातली, तर त्याला आपलंच काळीज धडधडताना ऐकू येत होतं.

गिरणीचा भोंगा झाला आणि नागम्मा पुन्हा धावत आली. “आत चला. बाईंचं रक्त थांबेना. शुद्ध चाललीय त्यांची. बोलत ऱ्हावा त्यांच्याशी.”

मालतीचा चेहरा पांढराफटक पडला होता. डॉक्टरीणबाई दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून चोळत होत्या. वर न पाहताच त्यांनी त्याला मानेनं उशाशी बोलावलं.

“अगं... ऐकलंस का?” कमलाकर म्हणाला. लग्नापासून तो तिला असंच बोलावत आला होता. मालती हलली नाही.

“अगं कुणाला? नावानं हाक मारा की ओ!” नागम्मा ओरडली.

कमलाकरने दाराकडे पाहिलं. आई उंबऱ्यात उभी होती. तिच्यादेखत बायकोचं नाव त्याने घेतलं होतं ते फक्त लग्नात, उखाण्यात.

“मालती...” तो हळूच म्हणाला. मग तो ओरडलाच. “मालती! डोळे उघड! बाळ माझ्यापाशी आहे. मालती!”

त्या आवाजाने बाळ दचकलं आणि मांजराच्या पिलासारखं बारीक रडलं. तो थांबला नाही. घसा बसेपर्यंत हाका मारत राहिला.

कितीतरी वेळाने डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा घाम दंडाने पुसला. “थांबलं,” त्या म्हणाल्या. “पण अजून धोका टळला नाही. तुम्ही हलू नका इथून.”

मालतीच्या पापण्या थरथरल्या. तिला नवरा दिसला, आणि त्याच्यामागे खाटेशी येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाई. तिचा लुळा हात चादरीवर चाचपू लागला, पदर शोधू लागला.

गोदाक्कांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “असू दे गं,” त्या म्हणाल्या. “पडून राहा.”