रोखाभाऊ आणि भिंगरीचा खोकला

रोखाभाऊंचं खरं नाव तपासणी केंद्रात आठवत असेल तर ते फक्त पगारपत्रकाला. एक्स-रेच्या खोलीत दिवसभर ते एकच मंत्र म्हणत: "खोल श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." त्यातला मधला शब्द लोकांच्या लक्षात राहिला आणि त्यांना चिकटला. आवाजच तसा होता. तालमीतले पैलवान, तावातावानं भांडत आलेले नवरा-बायको, "आमची ओळख कुठवर आहे ठाऊक आहे का?" असं विचारणारे बडे लोक, सगळे त्या एका शब्दावर छाती पाटीला टेकून पुतळ्यासारखे गप्प. भाऊंना त्याचा थोडा ताठा होता. माणसाला कशाचा ना कशाचा असतोच, आणि ज्याच्याकडे फारसं काही नसतं त्याच्याकडे तर हमखास असतो.

हा ताठा घरी मात्र चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावा लागे. घरात भिंगरी होती.

भिंगरी आठ वर्षांची. जेवताना तिचा एक पाय खुर्चीवर, दुसरा खिडकीकडे आणि मन तिसऱ्याच घरी. मागच्या वर्षी मुलांच्या मनाच्या डॉक्टरांनी त्याला एडीएचडी असं नाव दिलं, तेव्हा बायको रडली आणि भाऊंना उलट जरा बरं वाटलं. नाव असलेल्या गोष्टीशी निदान भांडता तरी येतं. मग रोज सकाळी गोळी, शाळेत पहिला बाक, घरी एका वेळी एकच सूचना, असं हळूहळू बस्तान बसत होतं.

तेवढ्यात खोकला आला. आला तो सर्दीचं बोट धरून. सर्दी गेली, हा राहिला. पाहुणे निघून जावेत आणि त्यांचा भाचा शिकायच्या निमित्तानं आपल्याकडेच राहावा, तसा. कोरडा, खणखणीत, वाक्याच्या मधोमध घुसणारा. अख्खा एक ऋतू उलटला तरी त्यानं बिऱ्हाड हलवलं नाही.

खोकला सगळ्यांनाच होतो, त्यामुळे त्यावर बोलायचा अधिकारही सगळ्यांनाच. एरवी कपभर साखर देताना हात आखडणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकू सल्ला मात्र शिगोशीग भरून देत. वाफ झाली; भांडं लवंडलं, नशिबानं पाणी कोमट झालं होतं. एका सिरपनं भिंगरी भिंतीवर चढायची तेवढी बाकी राहिली. दुसऱ्यानं ती वर्गात बाकावर डोकं टेकून झोपली आणि झोपेतही खोकली. मग फवाऱ्याचं औषध आलं. ते एका प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून सावकाश ओढायचं असतं. सावकाश! भिंगरीनं त्या नळकांड्याचा कर्णा केला, दुर्बीण केली, एकदा मुंग्यांसाठी बोगदा केला. औषध छातीत किती गेलं आणि पडद्यांना किती लागलं, देव जाणे. पडदे मात्र कधी खोकले नाहीत.

त्यात टोलवाटोलवी सुरू झाली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मला वाटतं मुद्दाम करते. लक्ष वेधायला." मनाचे डॉक्टर म्हणाले, सवयीचा खोकला असू शकतो, पण आधी छाती नीट बघून घ्या. छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत साध्या एक्स-रेला तरी काही दिसत नाही. आणि फुंकर मारायच्या तपासणीत तर तिनं यंत्राच्या पडद्यावरच्या मेणबत्त्यांना "हॅपी बर्थडे" म्हटलं, त्यावरून काय कळणार?

"सीटी स्कॅन करून टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत काही अडकलंय का, सूज आहे का, एकदाचं समजेल. पण ही स्थिर राहणार नाही. झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल."

भूल देणारे डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांनी भिंगरीचा खोकला ऐकला आणि ओठ दुमडले. "देता येईल. पण एवढ्या खोकल्यात झोपवायचं तर दाखल करू, सगळी तयारी ठेवू. थोडी जोखीम असतेच." थोडी म्हणजे किती, हे डॉक्टरला विचारायचं नसतं आणि बापाला विचारल्याशिवाय राहवत नाही. भाऊंनी विचारलं नाही. ते म्हणाले, "एकदा जागेपणी करून बघू. मी असेन माईकवर. माझ्या आवाजावर भलेभले थांबतात."

"ती थांबेल?" बायकोनं बाहेर आल्यावर विचारलं.

"बघशील तू."

बायको कपडे लहानमोठे करून देणाऱ्या दुकानात काम करी. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यानं तिची वाक्यं आखूड असत आणि टोचतही. ती फक्त म्हणाली, "बरं."

दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू झाली. जेवणाचं टेबल म्हणजे यंत्राचा पलंग, कणीक चाळायची मोठी चाळण म्हणजे यंत्राचं गोल तोंड. आत धुलाईयंत्र घरघरत ठेवलं, म्हणजे आवाजाचीही सवय होईल.

"खोल श्वास घे."

भिंगरीनं इतका खोल घेतला की खांदे कानाला लागले.

"रोख."

गाल फुगले, डोळे वटारले, नाक थरथरलं. "बाबा, यंत्राला कंटाळा येत नाही का, सगळ्यांच्या पोटात बघून?"

"बोलायचं नाही."

"मी नाही बोलले. यंत्राबद्दल बोलले."

पुन्हा केलं. खिडकीत पडदा हलला, ती उठून बसली. पुन्हा केलं, खोकला आला. पुन्हा केलं, आणि यावेळी पायाचा अंगठा आपला आपणच नाचू लागला. भिंगरी त्याच्याकडे पाहत राहिली, जणू तो शेजाऱ्यांचा होता.

"अगं, साधी गोष्ट आहे!" भाऊ ओरडले. "आजी-आजोबा करतात, कडेवरचं पोर आईनं धरलं की गप्प राहतं! तुला काय होतं?"

भिंगरीनं अंगठा मुठीत धरला. मग भिंगरी म्हणाली, "मी सांगते रे त्याला, नको हलू म्हणून. पण माझं अंग माझं ऐकतच नाही."

भाऊंनी चाळण उचलून जागेवर ठेवली. स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "तुझे पेशंट तुला घाबरतात. ही घाबरत नाही. म्हणून ऐकत नाही. तेवढंच एक बरंय आपल्याकडे, ते तरी घालवू नकोस."

त्यानंतर भाऊ ओरडले नाहीत. तालीम चालूच ठेवली. बरी झाली की नाही, हे सांगणं कठीण. एखाद्या वेळी भिंगरी अशी निपचित पडे की भाऊंचा जीव भांड्यात पडे, आणि पुढच्याच क्षणी तोच जीव भांड्यासकट खाली येई.

सीटीच्या दिवशी भाऊंनी रजा टाकली आणि आपल्याच केंद्रात पेशंटचे नातेवाईक म्हणून बाकावर बसले. रोज ज्या लोकांना ते "थांबा, नंबर येईल" म्हणत, त्यांची मांडी का हलत असते ते त्यांना त्या दिवशी कळलं. सीटी चालवणारी मुलगी त्यांच्या हाताखाली शिकलेली. तिनं हळूच विचारलं, "भाऊ, माईक तुम्हीच घेताय ना? यंत्राचं मी बघते."

"घेतो."

"मी सांगितलं की रोख म्हणा. चित्रं झाली की सोड म्हणा. बाकी काही नको."

"मला शिकवतेस?"

"आज शिकवते," ती म्हणाली.

भिंगरी पलंगावर आडवी झाली. आईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. मग आईला बाहेर जावं लागलं. जाड काचेपलीकडे पोरगी फार लहान दिसत होती. एवढ्या मोठ्या वळ्यात एवढंसं काहीतरी. ती खोकली. परत खोकली. भाऊंना वाटलं, संपलं, दाखल करावं लागणार.

"आता," सीटी चालवणारी मुलगी म्हणाली.

"खोल श्वास घे, भिंगरे," भाऊ माईकमध्ये म्हणाले. "रोख."

आणि ती थांबली.

खांदे नाहीत, नाक नाही, अंगठा नाही. पलंग सरकला, वळं फिरलं, भिंगरी हलली नाही. काचेतून भाऊ तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर चित्रं उतरू लागली आणि त्यांची नजर तिकडे गेली. श्वासनळी. डावी फांदी. उजवी. काही अडकलंय का, कुठे सावली, कुठे पांढरं? एक चित्र, त्याखालचं, त्याखालचं. चित्रं वाचणं हे काम डॉक्टरांचं, पण इतकी वर्षं पाहून पाहून डोळा तयार झाला होता. तो शोधत राहिला. काहीतरी असायला हवं होतं. एवढ्या खोकल्याला काहीतरी कारण नको?

"भाऊ!" मुलीनं त्यांच्या दंडाला धक्का दिला. "अहो, सोड म्हणा ना!"

त्यांनी काचेतून पाहिलं. यंत्र कधीचं थांबलं होतं. भिंगरी तशीच होती. तोंड लालभडक, ओठ घट्ट, डोळे छताला खिळलेले. जिला आयुष्यात एकही सूचना शेवटपर्यंत पाळता आली नाही, ती ही पाळत होती. बापानं अजून सोडलं नव्हतं.

"सोड! सोड, बाळा, सोड!"

श्वास सुटला आणि त्याच्यामागे कोंडलेला सगळा खोकला. भाऊ दार ढकलून आत धावले. ती पलंगावर वाकडी होऊन खोकत होती. त्यांनी पाठ चोळली. बाकी करण्यासारखं काय होतं? पाठ चोळायला बाप लागतोच असं नाही, कुणीही चोळू शकतं.

"तू विसरलास?" दम मिळाल्यावर तिनं विचारलं. रागानं नाही, कुतूहलानं. विसरणाऱ्यांच्या पंगतीत बाबा येऊन बसला याचं तिला नवल वाटलं असावं.

"हो गं. लक्ष दुसरीकडे गेलं."

"होतं असं," भिंगरी म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी चित्रं पाहिली आणि हसल्या. "स्वच्छ! एकही हललेलं चित्र नाही, मोठ्यांचीही इतकी चांगली येत नाहीत. आत काही नाही. अभिनंदन."

"मग खोकला?" बायकोनं विचारलं.

"सवयीचा असेल. किंवा कुठल्या ॲलर्जीचा. फवारा चालू ठेवा, मनाच्या डॉक्टरांना परत दाखवा. काही मुलांचा आपोआप जातो."

"आणि काहींचा?"

बाईंनी कागद एकत्र केले. "वाट बघू," त्या म्हणाल्या.

वाईट बातमी आली असती तर काय करायचं, याची भाऊंनी मनात जुळवाजुळव करून ठेवली होती. कुणाला फोन, कुठलं इस्पितळ, रजा किती. चांगल्या बातमीचं काय करायचं हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. घरी न्यायची, एवढंच.

बसमध्ये तिघं एका बाकावर बसली. भिंगरी खोकत होती, मध्येच खांबाला लोंबकळून येत होती, परत खोकत होती. पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि वळून म्हणाली, "अहो, पोरीला औषध वगैरे देता की नाही? असं लोकांत कशाला आणायचं?"

असल्या प्रश्नांना भाऊंकडे एरवी उत्तर असे. छातीचे डॉक्टर, मनाचे डॉक्टर, फवारा, सगळं ते घडाघडा म्हणून दाखवत, हजेरी दिल्यासारखं. आज त्यांनी खिशातून बसची तिकिटं काढली आणि मोजून परत ठेवली. बायको खिडकीबाहेर पाहत होती.

"माझ्या आत काही नाहीये," भिंगरीच म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. "बाबांनी स्वतः बघितलंय."

बाईनं भाऊंकडे पाहिलं. भिंगरीनंही पाहिलं, त्यांनी हो म्हणायची वाट बघत. त्यांनी मान हलवली. भिंगरी खूश होऊन पुन्हा खांबाकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून खोकू लागली.