सात विती, चार बोटं

हे गेल्यावर यांच्या डायरीत शेवटची नोंद निघाली ती फळ्यांची: ‘मंजूच्या पुस्तकांसाठी. कडुलिंब. सात विती, चार बोटं.’ खोक्यांतल्या माझ्या पुस्तकांना वाळवी लागायला लागली होती आणि माझ्या हातून एक काम धड होत नव्हतं. निदान ही मांडणी तरी यांच्या मनासारखी, माझ्या हातानं ठोकायची, असं ठरवून मी लातूरहून औशाला दगडोबांच्या वखारीत गेले.

त्यांनी आधी सागवान दाखवलं. “भोकरचं हाय बाई, नातवंडांना पुरंल.”

मी लिंबाच्या फळ्यांकडे वळले आणि एकेकीची ढलपी तोडून दाताखाली धरली. जी जास्त कडू, तिला कीड नाही, ही यांची पारख. मोजणी खात्यात आयुष्यभर टेप घेऊन हिंडलेला माणूस, पण घरचं माप कायम वितीनं. वखारीच्या खांबावर यांच्या वितीच्या दोन खुणा अजून होत्या. दगडोबांनी त्यांवरूनच फळ्या कापल्या. मी त्या खुणांवर हळूच हात ठेवून पाहिला. माझी वीत पुरली नाही.

घरी लावून पाहिलं तर फळ्या भिंतीला आखूड, चांगल्या हातभर. लोकांच्या शेताचा बांध बोटभर सरकू न देणारा माणूस घरच्याच भिंतीला चुकला! मला आधी हसू आलं, मग रडू. चुकलात तरी चालेल, म्हणत मी एक फळी उभी करून भिंतीला टेकवली. तिचं टोक माझ्या भांगाशी आलं. चप्पल काढून पुन्हा उभी राहिले. अगदी बरोबर भांगाशी.

मग आठवलं. यांच्या दुखण्यात एका दुपारी मी शेजारीच आडवी झाले होते आणि टाचेपासून वर काहीतरी सरकत होतं.

“काय मोजायलाव?” मी झोपेतच विचारलं.

“काही न्हाई. झोप तू.”

मांडणी मी आखूडच ठेवली. पुस्तकं नीट बसली, उरलेल्या जागेत यांची काठी उभी केली. काल दुपारी तिथंच सतरंजी टाकून पडले. डोळा लागतो न लागतो तोच तोंड कडू झालं. टाचेवर अंगठा टेकला, मग वर करंगळी. एक. मी मुकाट्यानं मोजत राहिले. सातवी वीत कानाशी संपली.

मी डोळे उघडले नाहीत. अजून चार बोटं उरली होती.