उलट्या लवेचे सोळा कोट

ऑपरेशनच्या टेबलाला हातासाठी वेगळी फळी होती. त्या फळीवर तिचा उजवा हात उताणा ठेवला होता आणि मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडून सर्जनबाई म्हणाल्या, "आता टोचेल. चांगलंच चुरचुरेल. मग काही नाही."

"टोचू दे," ती म्हणाली. "कळतंय तरी."

चुरचुरलं, आग झाली, आणि हात हळूहळू तिचा राहिला नाही. दंडाला रक्तदाब मोजायचा असतो तसा पट्टा आवळला होता, तेवढा मात्र कळत होता. आत कोणीतरी ओढत होतं, सरकवत होतं, जसं शेजारणीच्या पदराला कोणी हिसका द्यावा आणि आपण नुसतं बघावं.

"मनगटात एक चिवट बंध असतो," सर्जनबाई कामाबरोबर बोलत होत्या. "त्याच्याखालून नस जाते. बंध जाड झाला, नस चेंगरली. बंध कापला की नस मोकळी."

"कापताना आवाज येतो?"

"येतो, बारीक. जाड कापडाला कात्री लागावी तसा."

तिने कान दिला. कर्र. पुन्हा कर्र. कात्री म्हटली की तिला एकच माणूस आठवे, आणि त्या वीस मिनिटांत तिने त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचाही विचार केला नाही.

तो माणूस म्हणजे मास्तर. कोट शिवायच्या त्या कारखान्यात कापड कापायचं काम त्यांचं, आणि काजं करायचं हिचं. म्हणून तिला सगळे काजवालीच म्हणत. तिचं काज म्हणजे मिटलेला डोळा, एक टाका मागे नाही, एक पुढे नाही. चौदा महिन्यांपूर्वी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं आधी मुंग्यांनी भरली, मग बधिर झाली. झोपेतून उठून ती हात झटकत बसे. दिवसा सुई बोटांतून गळे आणि खाली वाजली तरच कळे. रजेची चिठ्ठी मास्तरांच्या सहीशिवाय पुढे जात नसे. ती चिठ्ठी घेऊन गेली तेव्हा मास्तर खडूला टोक काढत म्हणाले, "बोटं काय, सगळ्यांचीच झोपतात, काजवाले. मनगटाला पट्टा बांध. घाई कसली?"

तीनदा गेली. तिसऱ्यांदा ते मालकीणबाईंना हाक मारून म्हणाले, "बाई, कामचुकारपणाला आता दवाखान्यातलं नाव मिळालंय बरं का!" शिलाईच्या बायका हसल्या. काही मनापासून हसल्या, काही मास्तरांकडे बघून. त्या आठवड्यात तिची खिडकीजवळची जागा गेली आणि तिला कोपऱ्यात धागे तोडायला बसवलं. सही झाली ती चौदाव्या महिन्यात, तिच्या हातून वाफेची इस्त्री पडून फरशी फुटली तेव्हा.

सर्जनबाईंनी पहिल्याच दिवशी तिचे दोन्ही तळवे शेजारी ठेवून दाखवले होते. डाव्या अंगठ्याखाली भरलेला उंचवटा, उजव्याला खळगा. "मुंग्या लवकर जातील. बधिरपणाला महिने लागतील. पण हा स्नायू सुकलाय, तो परत भरेलच असं सांगत नाही. वर्षभर आधी यायला हवं होतं."

वर्षभर आधी. हे दोन शब्द तिने घरी नेले, आणि मूल निजवावं तसे उराशी धरून ठेवले.

घरी नणंद होती, पाठची, तोंडाची तिखट आणि हाताची मऊ. पहिले दोन दिवस हात छातीच्या वर धरायचा होता, सूज उतरावी म्हणून. नणंद दारातच म्हणाली, "वहिनी, वर्गात तुला एकटीलाच उत्तर येतंय असा हात वर केलायस!"

"येतंयच मला उत्तर."

"कशाचं गं?"

"मास्तरांचं."

"मग आधी वेणी तरी घालायला शीक एका हाताने, मग मास्तरांना बघ," नणंद म्हणाली आणि तिच्यामागे बसून केस विंचरू लागली.

बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची होती. मूठ, उघड, मूठ, उघड. पंधरा दिवसांनी टाके निघाले. तळहाताच्या बुडाशी मात्र दुखे. दाराची मूठ फिरवली की कळ, उशी उचलली की कळ. तीन महिने असं राहील, असं सर्जनबाईंनी आधीच सांगितलं होतं. जखमेची जागा फार हुळहुळी झाली, म्हणून तिच्यावर रोज कापड घासायला सांगितलं: आधी मऊ, मग खरखरीत. नणंदेने कपाटातून चिंध्या काढून दिल्या. कापूस, मग सुती, मग लोकर. दुपारी एकटी असताना ती व्रणावरून चिंधी फिरवी आणि गुणगुणे,

"सुई बाई गं सुई, तुला ओवते उजेडी,
ज्याने केला माझा घात, त्याची मोडीन मी घडी."

आईकडून चाल आली होती, शब्द तिचे होते. अशी पंचवीस-तीस कडवी झाली. त्यांत मास्तर जिन्यावरून पडले, मास्तरांची कात्री गंजली, मास्तरांना कोणी पाणी विचारलं नाही. हात बरा होत होता तो दुधावर नाही, या कडव्यांवर. आठव्या आठवड्यात मखमलीची चिंधी फिरवताना तिला अंगठ्याच्या पेरात काहीतरी कळलं. एकीकडे फिरवली तर गुळगुळीत, उलट फिरवली तर अडखळ. लव कळली. ती रडली नाही. तिने तीच चिंधी पुन्हा फिरवली, आणि पुन्हा.

बाराव्या आठवड्यात ती कामावर गेली. चिमटीत जोर अजून नव्हता. मालकीणबाईंनी तिला हलकं काम दिलं, कापलेल्या तुकड्यांच्या जोड्या लावून बांधायचं. एका वाद्यवृंदाचे सोळा कोट होते, काळ्या मखमलीचे. मास्तरांनी सगळं कापून ठेवलं होतं. तुकड्याच्या मागे खडूने बाण काढायची रीत होती, लव ज्या दिशेला उतरते त्या दिशेला बाण. सगळे बाण खाली.

तिने पहिल्या कोटाचा डावा भाग घेतला, हात खाली फिरवला. गुळगुळीत. उजवा घेतला, हात खाली फिरवला, आणि अंगठा अडखळला.

तिने पुन्हा पाहिलं. मग दुसऱ्या कोटाचं पाहिलं, तिसऱ्याचं. सोळाच्या सोळा उजवे भाग उलटे. काय झालं ते तिला बसल्या जागी दिसलं. मखमल लांबी निम्मी होईल अशी आडवी दुमडून दोन्ही भाग एकदम कापले होते. तसं केलं की वरच्या थराची लव खालच्याच्या उलट जाते, म्हणून घडीवर कापड तोडून वरचा थर फिरवून घ्यायचा असतो. हे शिकाऊ माणसालाही माहीत. आणि कोणी विसरलंच, तरी बाण काढताना हात सांगतोच.

मास्तरांचा हात सांगत नव्हता.

तिने मान वर करून पाहिलं. मास्तर टेबलावर डावा हात टेकून वाकले होते, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट आकड्यासारखं आत वळलेलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधली मागची जागा बसलेली, जसं तिथलं कोणी खरवडून नेलंय. दवाखान्यात पट्टी बदलायला जाई तेव्हा तिच्या शेजारी एक ट्रकवाला असे. त्याचा हात असाच होता. त्याची नस कोपरात दबली होती. मास्तरांच्या अंगठ्याला नि पुढच्या बोटांना कात्रीचे जाड घट्टे, म्हणून ते लव नेहमी करंगळीच्या मऊ कडेने पाहत. आणि आता तीच कड मेली होती.

कोणाला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात काम थांबलं असतं.

तिने डाव्यावर उजवा ठेवला, फीत बांधली, गाठ मारली. सोळा गाठी. हाताला कळ येत होती, पण ती कळ आज गोड लागत होती.

शिलाई तीन आठवडे चालली. कारखान्यातल्या नळीच्या पांढऱ्या दिव्यांत काळी मखमल काळीच दिसे. कोणाला शंका आली तरी मास्तरांना विचारायची कोणाची टाप? इस्त्रीवाल्या मावशी एकदा कोट उलटा पालटा करून पुटपुटल्या, "डोळे गेले की काय माझे." ती मान खाली घालून बसली. खिडकीजवळची जागा तिने मागितली नाही. थांबायचं कसं, हे तिला चौदा महिने शिकवलं होतं.

वाद्यवृंदाच्या सभागृहात माप बघायला मालकीणबाईंनी सगळ्यांना नेलं. सोळा वादक कोट घालून रांगेत उभे राहिले आणि वरचे दिवे लागले. डावी बाजू सगळ्यांची राखाडी चमकली, उजवी कोळशासारखी काळी राहिली. जणू प्रत्येकाला मधोमध दुमडून अर्धं अंधारात ठेवलं होतं. बासरीवाला शेजाऱ्याकडे बघून हसला, मग स्वतःकडे बघून गप्प झाला.

"हे काय आहे?" मालकीणबाईंचा आवाज चिरका झाला. "मास्तर?"

मास्तरांनी क्षणभर पाहिलं. मग त्यांचं बोट काजवालीकडे वळलं. "जोड्या हिने लावल्या. हाताला कळतंय का हिच्या? म्हणून म्हणत होतो, हिला इतक्यात घेऊ नका."

ती याचीच वाट पाहत होती. इतकी, की तिला घाम फुटला. ती पुढे गेली, बासरीवाल्याला म्हणाली, "भाऊ, जरा काढा," आणि कोट उलटा करून खालची शिवण ब्लेडने वीतभर उसवली. अस्तर वर केलं.

"उजवा भाग डावीकडे लागत नाही, बाई. काख दुसरीकडे जाईल. हा उजवाच आहे. आणि हा बाण बघा, खाली. आता हात फिरवा."

मालकीणबाईंनी हात फिरवला. त्यांचं तोंड उतरलं.

"बाण कोण काढतं?" काजवालीने विचारलं. "मास्तर, या. डोळे मिटा आणि सांगा, लव कुठे जाते."

"मला शिकवतेस?"

"मिटा ना. सोपं आहे."

मास्तर आले, कारण सगळे बघत होते. त्यांनी डोळे मिटले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने करंगळीची कड पुढे केली. फिरवली. पुन्हा फिरवली. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली.

"खाली," ते म्हणाले.

मास्तरांनी डोळे उघडले आणि लोकांची तोंडं पाहून त्यांना उत्तर कळलं. ती सावकाश घोट घेतल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आले नाहीत. सोळा उजवे भाग नव्याने कापावे लागले, ते मालकीणबाईंनी स्वतः कापले. बायकांनी सगळी शिवण उसवली, पुन्हा शिवली. बोटं सुजली त्यांची. एका दुपारी मावशी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जोड्या लावल्यास तेव्हाच कळलं होतं ना तुला?"

"नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी तिच्याजवळ बसून डबा खाल्ला नाही. हे तिच्या कुठल्याच कडव्यात नव्हतं.

रविवारी सकाळी मास्तर तिच्या दारात उभे राहिले. नणंदेने आत येऊन सांगितलं, "वहिनी, तुझं उत्तर आलंय. चहा टाकू की दार लावू?"

"दोन्ही नको."

मास्तर उंबऱ्याशीच खुर्चीवर बसले. हात मांडीवर होता, बोटं आत वळलेली. "ते ऑपरेशन," ते म्हणाले. "कसं असतं?"

"किती दिवस झाले बधिर होऊन?"

"दोन वर्षं. थोडी जास्तच." ते खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, कोणाला कळलं तर…"

म्हणजे हिची चिठ्ठी परत केली तेव्हाही त्यांचा हात झोपलेला होता. तिला दोन शब्द जिभेवर आले, अगदी तयार. घाई कसली. एवढं म्हटलं असतं, तर हा घाबरट माणूस घरी गेला असता आणि सहा महिने थांबला असता. बाकीचं काम नसेने केलं असतं. तिने ते शब्द चघळले. पण मग कारखान्यात त्यांच्या टेबलामागे रिकामी भिंत राहिली असती. तिला भिंत नको होती. तिला तिथे मास्तर हवे होते, रोज, तिच्या नजरेसमोर, तिने लव सांगितल्यावर कापणारे.

"उद्याच जा," ती म्हणाली. "तुमची नस कोपरात दबली असणार. सर्जनबाई तपासतील, विजेची सुई टोचून बघतील, ते दुखतं. काप माझ्यापेक्षा लांब असतो. नुसती मोकळी करून भागलं नाही तर नस उचलून पुढे ठेवतात. पूर्ण भूल देतील की नुसती हाताला, ते विचारा. टाके पंधरा दिवस. टेबलावर कोपर टेकायचं कायमचं विसरा."

"आणि बोटं?"

"नस महिन्याला बोटाच्या पेराएवढी सावरते म्हणे. कोपरापासून करंगळीपर्यंत मोजा तुम्हीच. मापाची सवय आहे तुम्हाला."

मास्तरांचे ओठ हलले. ते खरंच मोजत होते.

"सगळं येईल परत?"

"नाही." तिने आपला उजवा तळवा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, खळग्यासकट, आणि त्यांनी नजर हटवली तरी तिने तो हटवला नाही. "एवढं येत नाही. मी वर्षभर आधी गेले असते तर आलं असतं."

मास्तरांनी आपली करंगळी डाव्या हाताने सरळ केली. सोडताच ती पुन्हा आत वळली.

"सर्जनबाईंचा पत्ता देते," ती म्हणाली. "घरी कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही."

"मग पहिले दोन आठवडे अवघड आहे. शर्टाचं बटण लागत नाही एका हाताने. बिनबटणाचे शिवून घ्या आधी."

"कोणाकडून शिवून घेऊ?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्याकडून नाही," काजवाली म्हणाली, आणि पत्ता लिहायला पेन्सिल उचलली.