लाल चतुराची गाठ

जया गुडघाभर पाण्यात उभी राहून एकाच काडीकडे बघत होती. काडी रिकामी होती.

सोमवारी तो याच काडीवर बसला होता. पिकल्या मिरचीसारखा लाल, डोळेसुद्धा लाल. पंख काचेसारखे, फक्त मुळाशी हळद लागल्यासारखे. चार वर्षांच्या गोविंदाने हट्ट धरला म्हणून तिने तो चतुर पकडला, बाबांच्या हातमागावरचा, लुगड्याच्या काठाचा लाल धागा त्याच्या शेपटीला बांधला आणि टोक भावाच्या हाती दिले. गोविंदाची मूठ सैल झाली, चतुर धाग्यासकट तलावावर उडाला. त्याच संध्याकाळी गोविंदाला ताप भरला. आज चौथा दिवस. सकाळपासून त्याने डोळे उघडले नव्हते.

त्याच्या कपाळावरची पट्टी बदलताना आजी, रंभाबाई, काल म्हणाली होती, "चतुराले बांधलं का कोणी? त्याचा जीव अडकला, त घरातल्याचाही अडकते."

जया वाटीतले पाणी बदलायला उठून गेली होती.

लाल चतुर उडून परत आपल्याच काडीवर येतो, हे तिला माहीत होते. बेशरमाच्या झुडपांवर पिवळे, निळसर चतुर फिरत होते. प्रत्येकाच्या शेपटीकडे बघून तिचे डोळे चुरचुरू लागले.

"काहून उभी आहे वं इथं?"

तिचे बाबा, रूपराव, माग सोडून तिला शोधत आले होते. तिने रडत रडत सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. तिला घरी जायला सांगून धोतर खोचत पाण्यात उतरले.

दिवेलागणीला ते परतले तेव्हा छातीपर्यंत भिजलेले होते. तळहातावर लाल धागा होता, टोकाला इवलासा फास.

"सोडला त्याले. उडाला."

आजीने हात जोडले. जयाने धागा उचलून दिव्याखाली धरला. फासाची गाठ बारीक, सपाट, चापून बसलेली. मागावर तुटलेला धागा जोडताना बाबा अशीच गाठ मारत. बोटाला लागतसुद्धा नसे. सोमवारी तिने एकावर एक तीन गाठी मारल्या होत्या.

तिने गोविंदाची तापलेली मूठ उघडली, धागा आत ठेवून पुन्हा मिटली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मले ही गाठ शिकवता का?"

रूपरावांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी ओला हात गोविंदाच्या कपाळावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.