सात नंबरचा पल्ला

बॉल आजही ओला होता.

मंगलाबाईने दार उघडलं तेव्हा तो पायरीच्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी बसला होता. पांढऱ्या अंगाला शेवाळ. अंगणात बोडीच्या तळ्याकडून आलेली ओली पावलं: डाव्याचा पूर्ण ठसा, उजव्याची नुसती फरफट. तिच्या नवऱ्याचा, डोमाचा, उजवा पाय शेवटी शेवटी असाच ओढायचा. डोमा गेल्या पावसाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला होता.

तिने त्याची जुनी बंडी घेऊन पायरी पुसली, बंडी अंगणात पिळली. पाणी गढूळ निघालं.

मुलगी खुशबू भंडाऱ्याला नर्स होती. सुट्टीला गावी, करडीला आली होती. ती पावलं पाहून आधी कुत्रं असेल म्हणाली. मग चहाचा कप हातात धरून, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहत हळूच म्हणाली,

"आई, आपल्यात भूतखेत मानत नाहीत."

"मी कुठं भूत म्हनली?" मंगलाबाई म्हणाली. "तुहा बाप म्हनली."

*

पऱ्ह्याची जुडी धरते तशी धर. दाबली का मोडली.

काठी कशी धरायची हे डोमा असं, धानाच्या कोवळ्या रोपांवरून सांगायचा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली कारखान्याच्या कॉलनीने बोडीलगतच्या माळावर गोल्फचं मैदान केलं. डोमा साहेब लोकांच्या काठ्यांची बॅग उचलायचा, मंगलाबाई गवतातलं तण काढायची. बदली झालेला एक साहेब गंजलेली काठी टाकून गेला. बुडाशी लोखंडी पातं, पात्यावर सात आकडा. डोमाने ती घरी आणली.

रविवारी दुपारी कॉलनी झोपली की दोघं बोडीच्या काठच्या पाळीवर उभी राहायची. पलीकडच्या पाळीवर मोहाचं झाड होतं. डोमाचा बॉल पाण्यावरून जाऊन मोहाखाली पडायचा. मंगलाबाईचा बोडीच्या मध्यात, ढुबुक.

मग डोमा कपडे काढून गळ्याएवढ्या पाण्यात शिरायचा, पायाने चिखल चाचपून बॉल काढायचा आणि हसायचा. "तुहे बॉल काढता काढता माहा जनम जाईन, मंगला."

जन्म गेला. काम मात्र राहिलं होतं.

*

त्याला पोचवून आल्यावर घर खायला उठलं, म्हणून एका दुपारी ती काठी घेऊन पाळीवर गेली होती. मैदान केव्हाच बंद पडलेलं, कंबरभर गवत. बॉल पाण्यात पडला. सकाळी तो पायरीवर होता.

तिला भीती वाटली नाही. दुसऱ्या दुपारी तिने पुन्हा मारला. पुढे पुढे दुपार झाली की ती केस विंचरून जायची.

*

आधी बॉल, मंग माती, मंगला. उचलाले पाहू नोको त्याले. पातं वरून येऊ दे, थो आपलाच...

*

उन्हाळा लागला तशी फरफट लांबत गेली. निंबाखाली ओल दिसू लागली, कोणी टेकून बसल्यासारखी. पहाटे दाराबाहेर खोकला यायचा, तोच, तळापासून खरवडणारा. एका सकाळी बॉल पायरीवर नव्हता, फाटकापाशी होता. त्याच्या मागे मातीत पावलं नव्हती. हातांचे दोन पंजे उमटले होते, आणि ढोपरं.

तिने मारणं बंद केलं. त्याला तरी आराम.

पण दुपारी वारा नसताना बोडीचं पाणी मध्यातून ढवळू लागलं. कडेचे बगळे उडून गेले. नसलेला बॉल कोणीतरी पायाने चाचपून शोधत होतं, तिन्हीसांजेपर्यंत. सकाळी पायरी ओलीच. पायरीवर काही नाही, नुसती ओल, बराच वेळ उभं राहिल्यासारखी.

बॉल पलीकडे गेल्याशिवाय डोमा त्या कामातून सुटणार नव्हता. आणि बॉल पलीकडे गेला, तर डोमा पुन्हा येणार नव्हता.

*

तुह्या अंगात रोवणा बसला हाये.

तिच्या फटक्याचं मूळ दुखणं डोमाला केव्हाच सापडलं होतं. पोरवयापासून ती धानाच्या बांध्यांत रोवण्याला, रोपं लावायला, गेलेली. रोवणा मागे सरकत करायचा असतो. पुढे पाऊल टाकलं की आताच लावलेले पऱ्हे चिखलात जातात. म्हणून काठी खाली आली की तिचं अंग आपोआप मागच्या पायावर जायचं, पात्याचं तोंड आभाळाकडे व्हायचं, बॉल उंच उडून मध्येच पडायचा. ताकद लावली की आणखीच कमी जायचा.

"डाव्या पायावर ये," डोमा ओरडायचा. "पुढं काई रोवलं नाई, मंगला. तुडव."

तिला ते जमलं नव्हतं.

आता ती परसात चिंध्यांच्या गोळ्यावर सराव करू लागली. बॉल थोडा मागे, मुठी बॉलच्या पुढे. काठी फिरली की डावा पाय दाबून उभं राहायचं, मागची टाच सुटेपर्यंत. प्रत्येक वेळी पायाखाली काहीतरी कोवळं चिरडल्यासारखं वाटायचं.

पुन्हा सुट्टीला आलेली खुशबू दारातून बघत होती. लोक हसतात, माझ्याबरोबर भंडाऱ्याला चल, म्हणून तिने दोन दिवस घोकलं होतं. आज ती दुसरंच बोलली.

"कायले करून राहिली वो आई? बाबा येतात असं वाटते ना तुले? मंग येऊ दे ना."

"थकला हाये थो," मंगलाबाई म्हणाली.

*

दुपार. पाळीवर कोणी नाही. पाणी मध्यातून हलत होतं.

तिने बॉल ठेवला, काठी पऱ्ह्यासारखी धरली. मागे कोणीतरी श्वास ओढत होतं, ओला, घरघरता. ती वळली नाही. काठी मागे गेली, खाली आली, आणि तिने सगळं अंग डाव्या पायावर टाकलं.

आधी बॉल. मग माती उडाली.

आवाज लहानसाच झाला. बॉल फार उंच गेला नाही. सरळ पाण्यावरून निघाला, मध्यावरून, बेशरमाच्या झुडपांवरून, आणि मोहाखालच्या वाळक्या पानांत पडला. पानं वाजलेली तिला ऐकू आली.

मागचा श्वास थांबला होता. बोडी ताटातल्या पाण्यासारखी पडली होती.

बॉल आणायला ती गेली नाही.

*

सकाळी खुशबूला जाग आली तेव्हा आई पायरीशी बसलेली होती. ऊन पायरीवर आलं होतं. अंगणात कालच्या झाडूचे फराटे जसेच्या तसे.

मंगलाबाईने पायरीवर तळवा ठेवला. मग बंडी घेतली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत कोरडी पायरी पुसून काढली आणि अंगणात उभी राहून ती बंडी दोन्ही हातांनी घट्ट पिळली.