दूध आटेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. 'आहे' म्हणतानाही जरा संकोच वाटतो, कारण माझा एक कान कधीच तुटला आणि तळाचे निम्मे वेत मागाहून बदललेले आहेत. त्यात मूळची मी किती उरले, हे मलाच नीट ठाऊक नाही. पण एक गोष्ट माझ्या पोटात फार दिवस राहिली आहे. ती सांगावी की नाही, याचा पुष्कळ विचार केला. सांगतेच.

मला विणणारा माणूस अबोल होता. वेत पाण्यात भिजून पुरता मऊ झाल्याखेरीज तो हात लावीत नसे. "घाई केली तर मोडतो, उशीर केला तर वाळतो," एवढे एकच वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकले. तेव्हा ते मला फक्त वेताबद्दलचे वाटले होते.

पुढे मी एका टेलरच्या दुकानात आले. कापडाच्या कात्रणांनी दिवसभर भरायचे आणि संध्याकाळी रिकामे व्हायचे, हे माझे काम. गिऱ्हाइके म्हणत, "अशी घट्ट वीण आता शोधून सापडायची नाही." मला बरे वाटे. मग प्लास्टिकचा पिंप आला, माझा कान तुटला आणि मी कापड बेतायच्या टेबलाखाली ढकलली गेले. तिथे मला सोबत मिळाली ती बॉबिनची.

बॉबिन ही या घरातली कुत्री. लहानपणी ती रस्त्यावरून आत शिरली आणि शिवणयंत्रातल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी घरंगळत थेट मशीनखाली गेली, म्हणून टेलरकाकांनी तिला हे नाव दिले. तिची पिल्ले माझ्यातच झाली. पहाटेपासून दुपारपर्यंत ती कळा देत होती. शेवटी जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या आणि जमिनीवर बसून त्यांनी तिला सोडवले. सहा पिल्लांतली दोन गेली. टेलरकाकांची मुलगी ठकी दाराआड उभी राहून सगळे बघत होती.

"या वेळी निभावलं," हात धूत डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी ही वाचेल असं मी सांगणार नाही. हिचं ऑपरेशन करून टाका, म्हणजे पुन्हा पिल्लंच व्हायला नकोत."

"मग उद्याच करू या," टेलरकाका म्हणाले.

"उद्या? आणि पिल्लांना कोण पाजणार, तुम्ही?"

एवढ्या काळजीतही ठकीची आई फिस्कन हसली.

डॉक्टरबाईंनी समजावले. पिल्ले दोन महिन्यांची होऊ द्यायची, खायला लागली की दूध तोडायचे. मग आईचे दूध पुरते आटले, पोट बसले, की ऑपरेशन. "दूध तोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी आणा. पण रेंगाळू नका. त्याआधी ती माजावर आली आणि एखाद्या कुत्र्याने गाठलं, तर सगळं मुसळ केरात."

टेलरकाकांनी खडूने भिंतीवर तारीख लिहिली.

"गिऱ्हाइकाला दिलेली एक तारीख पाळली नाहीत," आई म्हणाली, "ही तेवढी पाळा."

दूध तोडायची वेळ आली तेव्हा टेलरकाकांनी बॉबिनला पोट झाकणारी बंडी शिवली. मापात इतकी नेमकी, की तिला वाकायला, बसायला कुठे काचू नये. पोटाखाली पाच बटणे. काजे ठकीच्या आईने केली. आणि इथेच चूक झाली. बंडी साधी शिवून टाकायला हवी होती. पण टेलरच्या घरातले कपडे बिनबटणांचे कसे असणार?

तीन पिल्ले चांगल्या घरी गेली. चौथी टाचणी, सगळ्यांत किडकिडीत, ती राहिली. ती बंडीला नाक लावून कुईकुई करी.

दुपारी शाळेतून आल्यावर ठकी टेबलाखाली शिरायची आणि दोन बटणे काढायची. "एकदाच हं, बॉबिन. बाबांना कळू देऊ नकोस."

सकाळी दुकान उघडण्याआधी टेलरकाका यायचे. "पी बाळा, एकदाच. ठकीच्या आईला कळलं तर ती माझीच बंडी शिवेल."

आणि दिवसभर "लाड पुरे झाले त्या कुत्रीचे" म्हणणारी आई कोणी नाही असे बघून खाली बसायची. "मी नाही हं सोडलं, तूच घुसलीस," असे टाचणीलाच दटावायची.

मित्रांनो, मी हे रोज पाहत होते. दिवसातून तीनदा 'एकदाच' होत होते. भिंतीवरची तारीख जवळ येत होती आणि दूध मुळीच आटत नव्हते. समोरच्या इस्त्रीवाल्याचा काळा कुत्रा एव्हाना पायरीवर येऊन बसू लागला होता. मला ओरडावेसे वाटे. पण वेत फार तर करकरतो, आणि करकरणाऱ्या टोपलीकडे कोण लक्ष देणार?

ठरल्या दिवशी माझ्या तुटक्या कानाला दोरी बांधली. बॉबिनला माझ्यात बसवून बापलेकीने मला दवाखान्यात नेले. मागे टाचणीला घेऊन आई. डॉक्टरबाईंनी बटणे काढली, हलकेच दाबून पाहिले. पांढरा थेंब आला.

"कोण पाजतंय हिला?"

ठकी रडू लागली. "मी. एकदाच."

टेलरकाका खाकरले. "मीसुद्धा... एखादवेळी."

आई भिंतीवरचे चित्र बघत होती. मग हळूच म्हणाली, "आता सगळेच कबूल करताहेत तर..."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आज ऑपरेशन नाही. दूध भरलेलं असताना कापलं तर जखम नीट भरत नाही. वर हे पिल्लू टाक्यांवरच तुटून पडेल."

"पण दूध नाही मिळालं तर टाचणी मरेल ना?" ठकीने विचारले. "ती दोघं मेली तशी?"

डॉक्टरबाईंनी टाचणीचे तोंड उघडून दाखवले. "हे दात बघ. ही आता खाऊन जगणार. दुधावाचून हिचं काही अडत नाही. पण बॉबिनला पुन्हा पिल्लं राहिली, तर मी तिला वाचवू शकेन की नाही, मला माहीत नाही."

"मग किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"ते तिच्या अंगालाच ठाऊक."

घरी आल्यावर टेलरकाकांनी बंडीची पाचही बटणे कापली आणि पोटावर सरळ दुहेरी शिवण मारली. उघडायचे झाले तर पाठीवरच्या गाठी कापाव्या लागत, आणि त्यासाठीची कात्री फक्त ठकीच्या आईकडे. टाचणीला वरच्या खोलीत नेले. ती वर रडे, बॉबिन खाली माझी कड चावत बसे. मी काही तक्रार केली नाही. तिला काहीतरी चावायला हवेच होते.

आईने माझ्यात पांढरे कापड अंथरले, माजाच्या रक्ताचा डाग पडला तर दिसावा म्हणून. रोज सकाळी तिघे येऊन ते कापड बघत. पाचव्या दिवशी लाल ठिपका दिसला. टेलरकाका चपला शोधू लागले. ठकीने चिमटीत धरून पाहिले, तर लाल दोऱ्याचा तुकडा. काळा कुत्रा पायरीवरून हलत नव्हता, म्हणून शटर अर्धेच उघडे ठेवत. गिऱ्हाइके वाकून आत येत. "काय, दरबारात आलो की काय?" असे एकाने विचारले, पण हसण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

अठराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी पुन्हा दाबून पाहिले. थेंब आला नाही.

त्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकाखाली रिकामी होते. कात्रणांवाचून मी कितीदा तरी रिकामी राहिले आहे, पण तशी कधीच नाही. टेलरकाका बंडीची शिवण अंगठ्याने सारखी चाचपत होते. ठकी माझ्या चावलेल्या कडेवर बोट फिरवत होती.

शेवटी दार उघडले. "झालं. आणि वेळेत झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

टेलरकाकांनी गुंगीतल्या बॉबिनचे पोट वाकून पाहिले. "टाका छान आहे हो. अंतर अगदी एकसारखं."

"म्हणजे तुमच्याकडे पास झाले म्हणायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे आई हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

तीच बंडी आता बॉबिनच्या टाक्यांवर पांघरूण झाली. टाके निघाल्यावर टाचणीला खाली आणले. तिने पोटाला नाक लावले, काही मिळाले नाही, एक सुस्कारा टाकला आणि बॉबिनच्या मानेवर डोके ठेवून झोपली.

मित्रांनो, मुक्या जिवावर माया करा. पण जी माया लपवून करावीशी वाटेल, ती करण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आम्हा मुक्यांना सगळे दिसते, सांगता मात्र येत नाही.

माझ्या चावलेल्या कडेवर टेलरकाका कापडाची पट्टी शिवणार होते. ठकीने नको म्हटले. ती अजून अधूनमधून तिथे बोट फिरवते.