रेषा स्थिर आहे

"दादा, कालचा ठिपका एवढा खाली का?" फोन उचलल्याबरोबर अन्विताने पुण्याहून विचारले.

साकेतच्या एका हातात आईच्या गोळ्या होत्या, दुसऱ्यात पाण्याचा पेला. फोन त्याने खांद्याने कानाशी दाबून धरला. म्हैसूरला राहून त्याच्या मराठीत कन्नड शब्द मिसळले होते. "काल ती चालली नाही ग. कंटाळली होती, सुम्ने, उगाच. होतं की एखाद्या दिवशी असं, अल्वा?"

"मग तसं लिहायचं ना तिथे. मी किती घाबरले!"

"लिहितो. आयतु, झालं. ठेवू आता?"

आईला, कमलाक्षीबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला त्याला दोन वर्षे होत आली होती. उजवी बाजू गेली, बोलणे एखाददुसऱ्या शब्दावर आले. चालणे, झोप, रक्तदाब रोज टिपत चला, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा साकेतने ते आपल्या पद्धतीने केले. औषधांच्या चाचण्यांतले आकडे तपासणे हीच त्याची नोकरी, तीही म्हैसूरच्या घरात बसून. आकडेमोड त्याने 'आर' या संगणकाच्या भाषेत लिहिली. रोजचे बारीकसारीक चढउतार गाळून आईच्या प्रकृतीची एक रेषा तिच्यातून निघायची. मग जावास्क्रिप्ट शिकून त्याने त्या रेषेचे वेबपान केले. ठिपक्यावर बोट ठेवले की त्या दिवसाची टीप उघडे. लांब राहणाऱ्या बहिणीला आई दिसावी, एवढाच हेतू होता.

अन्विताला पान फार आवडले. मैत्रिणींना ती कौतुकाने दाखवायची. आधी दर महिन्याला रात्रभर बसमध्ये बसून यायची, डोळे सुजलेले असायचे. मग दोन महिन्यांनी. पान झाल्यापासून गणपतीत तेवढी एकदा आली. "मी रोज बघतेच ना आईला," असे म्हणायची, आणि ते खोटे नव्हते.

त्याच आठवड्यात साकेतच्या साहेबाचा, शशांकचा, बंगळूरहून फोन आला. मोठे काम हाती आले होते. सोमवारपासून तीन महिने तिथे येऊन राहिलास तर गट तुझ्या हाताखाली देतो, असे त्याने कन्नडमध्ये सांगितले. घरून या वेळी चालणार नव्हते. अशी संधी साकेतने आधीही सोडली होती.

त्याने अन्विताला विचारून पाहिले. "तीन महिने आईला नेशील? नाहीतर तू तरी ये इकडं."

"आत्ता? अरे, अर्णवची दहावी आहे, पोराला सोडून कशी येऊ? आणि रेषा बघ ना, कशी छान स्थिर आहे! घर बदललं तर सगळं बिघडेल तिचं. गोदाबाईंना रात्रीचंही ठेव की."

आईचं करायला गोदाबाई जवळच्या येलवाल गावाहून सकाळी यायच्या आणि संध्याकाळच्या बसने परत जायच्या. त्यांचा नवराही अंथरुणाला खिळलेला होता.

"त्यांना होत नाही ग."

"मग परीक्षा झाल्यावर बघू, दादा. आत्ता तर सगळं नीट चाललंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी साकेत संगणकापुढे बसला आणि त्याने मनाचेच आकडे घातले. झोप नाही. चालणे नाही. रक्तदाब भलताच वर. रेषा वाकली, लाल झाली. अजून ती फक्त त्याच्याच पडद्यावर होती. एक कळ दाबली की पुण्यात दिसली असती, आणि उद्या अन्विता दारात उभी राहिली असती. ती वाईट नव्हती. म्हणून तर त्याला जास्त अवघड वाटत होते.

शेजारच्या चाकाच्या खुर्चीतून आई पडद्याकडे पाहत होती. तिने डावे बोट उचलले. "मी?"

"हो. तूच ती."

ती लाल रेषा खाली जाताना पाहत राहिली. "पडले?"

तिच्या डोळ्यांत भीती होती. "नाही ग आई, माझं चुकलं. बघ हां," म्हणत साकेतने घाईघाईने आकडे पुसले. रेषा जागेवर आली. आईचा चेहरा मात्र लवकर सावरला नाही.

मग त्याने पुन्हा फोन लावला. "अन्वी, मला होत नाही ग आता."

"का? आईला काही झालं का?"

"आई बरी आहे. मी माझं सांगतोय. दोन वर्षं कुठं गेलो नाही मी. आंघोळीला गेलो तरी कान तिच्याकडंच. होईनाच बघ."

"तू कधी बोललाच नाहीस, दादा. पानावर तर..."

"पानावर मी नाही ग."

अन्विता रडली. शनिवारी आली. आईचे केस धुतले, तिला मऊ भात भरवला, फडताळे आवरली, साकेतला सक्तीने झोपायला लावले. रविवारी संध्याकाळच्या बसने परत गेली. तीन महिन्यांचा विषय तिने काढला नाही, आणि त्यानेही नाही. ती गेल्यावर त्याने शशांकला नकार कळवला.

गट वर्षिणीला मिळाला. तिला काम साकेतनेच शिकवले होते. सोमवारी सकाळी तिने पडद्यावरून सगळ्यांची बैठक घेतली. साकेतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिचे अभिनंदन करून त्याने काम समजून घेतले.

बैठक संपल्यावर त्याने आईची खुर्ची व्हरांड्यात आणली आणि तिचे पाय खुर्चीच्या खालच्या पट्टीवर नीट ठेवायला तो गुडघ्यांवर बसला. तिचा डावा हात त्याच्या मानेशी आला. दुमडलेली कॉलर ती सरळ करू लागली.

"जा," ती म्हणाली. इतके स्पष्ट, की स्वयंपाकघरातून गोदाबाईंनी डोकावून पाहिले.

"कुठं जाऊ?"

ती पुढचा शब्द शोधू लागली. ओठ हलले, पण शब्द येईना. तिचा हात कॉलरपर्यंत पोचावा म्हणून साकेत तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.